दाराची उजवी बाजू

मला बैलाच्या पाठीवर उभं केलं तेव्हा सगळ्यात आधी नजरेस पडल्या त्या आमच्या नव्या घराच्या भिंती. खालून त्या चांगल्या उंच वाटायच्या. वरून पाहिलं तर जेमतेम छातीएवढ्या, आणि त्यांच्यामधे दाराची चौकट एकटीच उभी, भिंतींपेक्षाही उंच. मला रडायचं होतं आणि हसू फुटायला लागलं.

आम्हा बंजाऱ्यांमध्ये लेक सासरी निघाली की तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात. दोन्ही हात वर करून ती बापाच्या तांड्यासाठी गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. बापाचं घर भरलेलं राहो, गुरं वाढोत, भावाचं भलं होवो, असं मागणं मागायचं आणि रडायचं. हे रडणं आपोआप येतं असं समजू नका. लग्नाआधी म्हाताऱ्या बायका नवरीला घेऊन बसतात आणि शिकवतात. आईच्या गळ्यात पडून रडायचं ते वेगळं, मावशीच्या वेगळं, मैत्रिणीच्या वेगळं. मी गळ्याने बरी होते, शिकलेही मन लावून. बापाच्या हवेलीचं नाव घेऊन पहिला सूर लावला, तर गर्दीतून माझा मामा ओरडला, "पोरी, देवाले छप्पर बी मागून घे वं! हवेली उघडी हाये तुह्या बापाची!" रडणाऱ्या बायका पदराआड हसल्या. मग मीच मोठ्याने रडायला लागले, कारण बापू गर्दीत नव्हता. तो त्या अर्ध्या भिंतींच्या आत उभा होता, चौकटीवर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

साल सत्तावन. आदल्या वर्षी आमचा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. तांड्यात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझा नवरा देवराम भिलाईला, म्हणजे मध्य प्रदेशात, लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहत होता तिथे कामाला लागलेला. जिल्हा इकडे आला आणि मी तिकडे गेले, असं मी नंतर गमतीने सांगत असे.

घाटंजीपासून थोडं आत, वाघाडी नदीच्या काठावर आमचा तांडा. घरात आम्ही गोर बोली बोलायचो, आईला याडी म्हणायचो आणि बापाला बापू. गावातल्या कुणब्यांशी बोलायची ती वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावणार आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अडायला नको. वऱ्हाडीत बाईही 'मी येतो'च म्हणते, तेवढं लक्षात ठेवा. माझा थोरला भाऊ रामू हे वाचेल तेव्हा म्हणेल, "याडी असं कधी बोलली?" बोलली असती तर असंच बोलली असती, रामूभिया. तू गप्प वाच.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. माझ्या बापाने दोन्ही एकाच वर्षी काढलं. तोवर आम्ही गवताच्या झोपडीत राहत होतो, तांड्यातले बाकीचेही तसेच. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. जिथे मुक्काम पडला तिथे धान्याच्या गोण्या एकावर एक रचायच्या, त्यांची भिंत झाली, वरून कापड ताणलं की झालं घर. सकाळी निघताना घर बैलावर चढायचं. रेल्वे आली, मोटारी आल्या, तो धंदा बसला. बापूच्या वाट्याला कोरडवाहू शेताचा तुकडा आला आणि त्यात तो कापूस आणि तूर घ्यायला लागला. पण नुसत्या शेताने माणूस शेतकरी होत नाही, अशी त्याची समजूत होती. मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, असलेलं घर पाहिजे. गावातले काही लोक मागे म्हणायचे, "लमाणाचं काय, आज इथं, उद्या तिथं." ते वाक्य बापूच्या मनाला लागलं होतं. मला तर वाटतं त्याने ते घर त्या वाक्याच्या तोंडावर बांधायला घेतलं.

जागा त्याने निवडली ती थेट नदीच्या वळणावर. खाली डोह, उन्हाळ्यातही न आटणारा. शेजारच्या शेताचे मालक शामराव काका बापूचे दोस्त होते. ते जागा बघायला आले, काठावर उभे राहून बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, "हिरामण, थोडा वर सरक ना. नदीचं पोट मोठं असते."

बापू म्हणाला, "माह्या आज्यानं सांगतलं हाये, काका. मुक्काम नेहमी पाण्यापाशी."

आज्याचं वचन निघाल्यावर काका काय बोलणार? त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि गारा तुडवायला स्वतःचे बैल दिले. नदीची गाळाची माती, तिच्यात कुटार म्हणजे भुसा, वरून पाणी, आणि बैल गोल गोल फिरवायचे. तो चिखल म्हणजे गारा. त्याचा एक थर भिंतीवर चढवायचा, तो वाळू द्यायचा, मग पुढचा. लग्नाचे दिवस जवळ आले आणि थर वाळायला वेळ लागत होता, म्हणून भिंती छातीशीच थांबल्या.

याडीचा मात्र वेगळाच हिशेब. ती कशिद्यात तांड्यात पहिली. तिच्या हातची कांचळी, म्हणजे आमची चोळी, दुरून ओळखू यायची. आमच्या बायकांच्या कपड्यांवर आरशाचे तुकडे आणि कवड्या टाचलेल्या असतात, तुम्ही बाजारात पाहिल्या असतील. कपडा विरून जातो, आरसे राहतात. असे जुन्या कपड्यांवरून उसवलेले आरसे याडीने एका पिशवीत वर्षानुवर्षं जमवले होते. चौकट उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. बारीक चाळलेली पांढरी माती, तिच्यात शेण आणि बोंडातला वाया गेलेला कापूस पिंजून घातलेला, कापसामुळे म्हणे भेग पडत नाही. तो लेप दाराच्या डाव्या अंगाला भिंतीवर चढवला आणि मला म्हणाली, "बस. लाव आरसे."

"भिंत तं होऊ दे आधी," मी म्हटलं.

"भिंत होईन तेव्हा तू असशीन का इथं?"

मी पिशवी सोडली. आम्ही दोघी मिळून डावी बाजू केली. लेप ना ओला ना वाळलेला, असा एक थोडा वेळ असतो, त्यातच आरसा दाबायचा. लवकर दाबला तर बुडतो, उशिरा दाबला तर पडतो. आरशाभोवती बोटाने मातीची कड वळवायची, जशी कापडावर टाक्याची कड असते तशी. सुई नाही, दोरा नाही, बाकी सगळं शिवणच. तांड्यातल्या बायका येऊन बघून जायच्या. एकीने विचारलंच, "भिंत बांधायच्या आधी कायले नटवून राह्यली वं?" याडी म्हणाली, "लेक चालली. तिचा हात लागू दे घराले."

डावी बाजू वाळली. उन्हात लखलखायला लागली. उजवी बाजू करायला घेणार तोवर वऱ्हाड येऊन थडकलं. याडीने उरलेल्या आरशांच्या पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "उजवी बाजू तुह्यी. पहिल्यांदा माहेरी येशीन तेव्हा करशीन. मी हात लावत नाही, कोणाले लावू देत नाही."

आता सांगते, भिलाईत मला जी ओढ लागून राहिली ती याची. आई-बापाची आठवण सगळ्यांनाच येते, घरोघरी मातीच्या चुली. पण मला अर्धं दार खुणावत होतं. माझं काहीतरी काम तिथे राहिलं आहे, आणि ते माझ्यावाचून होणार नाही, या एका गोष्टीवर मी परमुलखात दिवस काढले.

यवतमाळहून मोटारीने धामणगाव, तिथून रेल्वे, नागपूर, मग दुर्ग. भिलाईत उतरले तर जिकडेतिकडे लोखंडाचे सांगाडे आणि लाल धूळ. देवराम खलाशी होता, म्हणजे जड लोखंड दोरखंडांनी वर चढवणाऱ्या टोळीत. सुरुवातीला पत्र्याच्या कॅम्पात राहिलो, मग क्वार्टर मिळालं. सेक्टर, नंबर, नळ, सिमेंटची फरशी. सिमेंटला सारवायचं कसं, हेच मला कळेना. पहिल्या दिवशी मी शेण शोधत सेक्टरभर फिरले आणि मिळालेलं शेण फरशीवर फासलं. ते वाळून पापड्या सुटल्या. देवराम ड्यूटीवरून आला, त्याच्या पायाला चिकटल्या. हसून हसून त्याची मुरकुंडी वळली. मला इतका राग आला की त्या दिवशी भाकरी केली ती एकटीपुरती.

शेजारी दुलारी म्हणून छत्तीसगडची बाई होती. "का करत हस बहिनी?" म्हणत तिने डोकावलं आणि माझा पसारा पाहून पदर खोचला. दिवाळीआधी ती गावाहून पांढरी माती घेऊन आली. तिच्याकडे तिला छुही म्हणतात. आम्ही दोघींनी मागच्या अंगणाच्या भिंती त्या मातीने पोतल्या. ओल्या भिंतीचा वास आला आणि मी हातातला बोळा टाकून तिथेच बसून राहिले. दुलारीला वाटलं मला दिवस गेले. तेही खरंच होतं म्हणा.

भिलाईत तेव्हा सगळा देश गोळा झाला होता. बंगाली, मद्रासी, पंजाबी, आणि रशियन साहेब. एकदा बाजारात एका रशियन साहेबाच्या बायकोने माझ्या ओढणीवरचे आरसे हातात धरले आणि कितीतरी वेळ त्यात स्वतःचा डोळा बघत राहिली. तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मला वाटलं विचारते आहे हे कुणी केलं. मी म्हटलं, "माझ्या याडीनं." तिने मान डोलवली. तिलाही काही कळलं नसेल, पण मला फार बरं वाटलं. पुढे देवराम म्हणायला लागला की बाकीच्यांसारखी साडी नेस, लोक बघतात. मी साडी नेसायला लागले. माझा घागरा, म्हणजे फेटिया, आणि कांचळी ट्रंकेत गेली. आमच्याबरोबरच्या इतर तांड्यांमधून आलेल्या बायांनीही तेच केलं. वर्षा-दोन वर्षांत रस्त्यावरून जाताना आम्ही एकमेकींना ओळखेनाशा झालो. चेहऱ्यावरून ओळखायची सवयच नव्हती ना, आम्ही कशिद्यावरून ओळखायचो.

पहिलं माहेरपण लांबत गेलं. आधी बाळंतपण, मग देवरामची रजा, मग पैसे. शेवटी पोरगी चालायला लागल्यावर भर उन्हाळ्यात गेले. घर पुरं झालेलं. कवेलू चढलेले, आत दोन खोल्या, भिंती शामराव काकांच्या घरासारख्याच सरळ. बापूने मला सगळीकडे फिरवून दाखवलं, कोपरा न् कोपरा, जसा काही मी घर विकत घ्यायला आले होते. डाव्या बाजूचे आरसे लखलखत होते. उजवी बाजू कोरी, नुसती पांढरी. येणारे-जाणारे म्हणायचे, हिरामणच्या घराला एक डोळा आहे.

आणि माझ्या पोरीला ऊन बाधलं. अंगात ताप, पोटात पाणी ठरेना. कांद्याचा रस झाला, घाटंजीचा डॉक्टर झाला. तिला मांडीवरून खाली ठेवायची सोय नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी तिने डोळे उघडून भाकरीचा तुकडा मागितला, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. सकाळी उठून पाहते तर याडीने माती भिजवून, कापूस घालून, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेली. पिशवीही शेजारी. मी घाईघाईने बाह्या वर केल्या.

"मोटार किती वाजता हाये?" तिने विचारलं.

"हाये अजून. होते लवकर."

तिने पोतं पुन्हा नीट झाकलं. "राहू दे. घाईचा टाका उसवते. पुढच्या बारीले कर."

मी रडले. ती नाही रडली. मोटारीपर्यंत पोरीला कडेवर घेऊन आली आणि वाटेत तिला म्हणत होती, पुढच्या वेळी आईला जास्त दिवस घेऊन ये. मला ते बोलणं इतकं गोड वाटलं. कुणीतरी आपल्यासाठी अडून बसलं आहे, यापरतं सुख मला तरी माहीत नाही.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे गेले. एका सकाळी आमच्या तांड्यातला किसन कामाच्या शोधात भिलाईला आला, आमच्याकडेच उतरला. चहा पिता पिता तांड्यातल्या बातम्या सांगत होता. कुणाचं लग्न, कुणाची म्हैस व्याली. मधेच म्हणाला, "अन् तुह्या बापाचं घर गेलं ना वाघाडीत."

"कुठं गेलं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"पुरात गेलं. नदी अशी फुगली का सांगू नको. भिंती विरघळल्या साखरेवाणी. माणसं वाचली समदी, ढोरं बी वाचली. तुले सांगतलं नाही काय कोणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. रामूभिया, तू तेव्हा कळवलं नाहीस याचा राग मी कितीतरी वर्षं धरला. तुझं म्हणणं होतं, जीव तर कुणाचा गेला नाही, मग लेकीला दूरदेशी कशाला घोर लावायचा. तुझं खरं असेल. मी गावाला जायचं म्हटलं तर देवरामही म्हणाला, "जाऊन काय पाहशीन? चिखल?" मी पोरीला दुलारीकडे ठेवलं आणि गेले.

वाटभर मी काय बोलायचं ते ठरवत होते. बापू खचला असेल, अंथरूण धरलं असेल. त्याला धीर कसा द्यायचा याची उजळणी करत मी घाटंजीला उतरले आणि चालत निघाले. वळणावर पोहोचले. तिथे काहीच नव्हतं. मातीचा एक बुटका उंचवटा, त्यावर गवत उगवायला लागलेलं. वाघाडी खाली शहाण्यासारखी वाहत होती. मी चपला काढून त्या उंचवट्यावर उभी राहिले. दार कुठे होतं तेही मला नक्की सांगता येईना.

वरच्या बरडावरून, म्हणजे खडकाळ माळावरून, कुणीतरी हाक मारली. बापूच होता. तिथे त्याने गवताची झोपडी टाकली होती आणि रामूभियाबरोबर बांबू तासत बसला होता. चांगला टुणटुणीत. मला पाहून हसला. शामराव काकाही तिथेच होते, तंबाखू मळत.

"पाह्य, काका, पोरगी भिलाईहून आली," तो म्हणाला. मग मला, "इथं बांधून राह्यलो आता. इथं पाणी चढत नाही."

मी त्याच्याजवळ बसले आणि पाठ केलेलं सगळं विसरून रडायला लागले. तो घाबरला. "अवं, काहून रडून राह्यली? कोणी मेलं नाही ना. मुक्काम हलला, इतकंच."

मग तो काकांकडे बघून थोडा ओशाळून म्हणाला, "चूक माह्यीच हाये. मुक्काम पाण्यापाशी, हे खरं. पण आमचे लोक फिरायचे ते उन्हाळ्या-हिवाळ्यात. पावसाळ्यात बैल बांधून टेकडावर बसून राहायचे. आज्यानं दोन्ही सांगतलं असन. म्या अर्धंच आयकलं."

काका म्हणाले, "जाऊ दे बाप्पा. माती आपलीच हाये. पुन्हा तुडवू."

दोघे हसले. मला त्या हसण्याचा राग आला. मी म्हटलं, "तुमाले काहीच कसं वाटत नाही? माह्यं घर वाहून गेलं."

बापूने हातातला बांबू खाली ठेवला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "घर तं आमचं गेलं, पोरी. तुह्यं कसं गेलं? तुह्यं भिलाईले हाये ना, सिमेटाचं?"

तो टोमणा नव्हता. बापूला टोमणे मारता येत नसत. पण तेव्हापासून मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. जे राहतात ते रोज थोडे थोडे बदलत असतात, त्यांना घर हलवता येतं. घर पडलं तर ते बांबू तासायला घेतात. आम्ही निघून गेलेले मात्र घराने जागचं हलू नये म्हणून हटून बसतो. आम्ही सोडताना होतं तस्सं, तीच चौकट, तोच डोह. स्वतः आम्ही साडी नेसतो, सिमेंटवर राहतो, भोंग्यावर उठतो, आणि माहेराने मात्र आमच्यासाठी थांबावं. हा अन्याय आहे हे मला कळतं. पण कळून काय उपयोग?

याडी नदीवर गेली होती. ती आली, मला पाहिलं, घागर उतरवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दाराबद्दल ती काही बोलली नाही. नुसती चौकट तेवढी वाचली होती. खालच्या गावाला झाडात अडकली, तिथल्या लोकांनी ओळखून परत आणून दिली. ती झोपडीच्या मागे टेकवून ठेवलेली. मी म्हटलं, "नवं घर झालं का दोन्ही बाजू आपण करू, याडी. मी येतो, पक्कं येतो." ती म्हणाली, "ये ना." बस, एवढंच.

मी निघाले तेव्हा भिंतीचा पहिला थर पडत होता. भिलाईला येऊन मी बाजारातून आरसे आणले, गोल, एकसारखे, नवेकोरे. याडीचे जुने सगळे गेले असणार. पुडी बांधून ट्रंकेत ठेवली. आणि पुन्हा तेच झालं. दुसरं बाळंतपण, देवरामचा हात लोखंडाखाली सापडला तो दवाखाना, पोरीची शाळा. दिवाळी आली की मी म्हणायचे, या उन्हाळ्यात. उन्हाळा आला की म्हणायचे, पाऊस सरू दे. पुडी ट्रंकेत तशीच.

शेवटी गेले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. बरडावर नवं घर दुरूनच दिसलं. आणि दुरूनच कळलं. दाराच्या दोन्ही बाजू चमकत होत्या.

जवळ जाऊन पाहिलं. काम याडीचंच, ती वळवलेली कड मी झोपेतही ओळखली असती. आरसेही पुन्हा जुन्या कपड्यांवरून उसवलेले, लहानमोठे. डावी-उजवी अगदी जोडीची. कुठे कसर नाही. एक आरसा लावायला जागा शिल्लक नव्हती. माझ्या हातात ती बाजारातली पुडी, आणि मी दारात उभी, आत जाऊ का कुणाच्या बोलावण्याची वाट बघू, असा खुळा विचार मनात.

याडी बाहेर आली. थकली होती. तिने माझ्या हातातल्या पुडीकडे पाहिलं, तिला समजलं.

"मी येतो म्हटलं होतं ना," मी म्हटलं.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "एक बार थांबून पाह्यलं, पोरी. अर्धं दार घेऊन घर वाहून गेलं. आता माहे दिवस तरी किती? थांबलो असतो तं हे बी अर्धंच राह्यलं असतं." तिने पुडी घेतली, उघडली, एक आरसा उन्हात धरून पाहिला. "बरे हायेत. नातीच्या कपड्याले होतील."

तिच्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिने माझी वाट पाहणं हळूच उतरवून ठेवलं होतं, डोक्यावरची घागर उतरवावी तसं. मला वाटलं होतं की माझ्या न येण्याने त्या घरात एक जागा रिकामी राहते आणि ती माझी असते. ती जागा भरली होती, आणि सुंदर भरली होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. पण नुसता आनंदच नव्हता तो.

"बस," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत वळली.

"मी घेतो ना," मी म्हटलं. "मी काय पाहुणी हाये?"

ती उंबऱ्यात थांबली. सहज विचारलं, "माठ कुठं ठेवला ते मालूम हाये तुले?"

मला माहीत नव्हतं.

मी ओसरीवर बसले. तिने आणलेलं पाणी, पाहुणे पितात तसं, बसून प्यायले. गिलास तिने हातातून घेतला तोही पाहुण्यांच्या हातातून घेतात तसा.

ही गोष्ट मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. भिलाईच्या क्वार्टरमध्ये वीज गेली तरी माझा हात नेमका माठावर पडतो. त्या हिशेबाने माझं घर इथे आहे, बापू म्हणत होता तेच. याडी आणि बापू पुढे वारले. रामूभियाने बरडावरचं घर विटांचं केलं, सुनांनी स्वयंपाकघर फिरवलं, आरशांची भिंत पडली. मी कुणाला काही म्हटलं नाही. म्हणायचा हक्क असतो तर तो भिंत पोतणाऱ्यांचा. पण अजूनही माहेरी पोहोचले की चपला काढायच्या आधी मी सरळ आत जाते. सुना म्हणतात, आत्याबाई, बसा तर खरं. मी बसत नाही. या खेपेला माठ कुठे ठेवलाय ते शोधते आणि आपल्या हाताने पाणी घेते, कुणी आणून द्यायच्या आत.